भांगर आणि भंगार

कोकणीत 'भांगर' म्हणजे सोने आणि मराठीत 'भंगार' म्हणजे मोडीत घालायचा माल. काना 'भ'ला लागला तर सोने, 'ग'ला लागला तर भंगार. आम्हा गोवेकरांच्या तोंडात दोन्ही भाषा एकदम नांदत असल्यामुळे हा काना कधी कुठे घसरेल याचा नेम नसतो. जिभेवर घसरला तर हसून सोडून देता येते. घर आवरताना घसरला तर मात्र पंचाईत होते.

चवथ महिन्यावर आली की गोव्यातल्या हिंदू घरांत साफसफाईचे वारे सुटते. भिंतींना रंग काढायचा, कोळिष्टके झाडायची, देवाची तांब्यापितळेची भांडी चिंचेने लख्ख करायची, आणि मग शिडी लावून माळ्यावर चढायचे, तिथला पसारा डोळे भरून बघायचा आणि दरवर्षीप्रमाणे तसेच खाली उतरायचे! अलीकडे या कामाचेही शास्त्र झाले आहे. मारी कोंडो नावाच्या जपानी बाईंचे २०११ साली निघालेले पुस्तक जगभर खपले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की घरातली एकेक वस्तू हातात घ्यावी, तिने मन प्रसन्न होते का ते पाहावे आणि होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यावा. हे मी आमच्या मोठ्या काकीला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हातांत घेतलें काय सगळेंच बरें दिसता मरे!"

काकीचा मुद्दा बिनतोड आहे. शिवाय, ज्या कागदाने मन मुळीच प्रसन्न होत नाही तोच कागद पुढे कोर्टात घर वाचवतो, हा अनुभव जपानी बाईंना नसावा. आम्हा कारकुनांना तो रोज येतो. माझी नोकरी फायलींची आणि आवड इतिहासाची. त्यामुळे घर कसे आवरावे यापेक्षा, आपल्या घरांत हा पसारा आला कधी आणि तो येण्यापूर्वी आपले लोक काय करत होते, हा प्रश्न मला जास्त ओढ लावतो.

आमचे मूळ घर फोंडा तालुक्यातल्या एका गावी आहे. तिथल्या माळ्यावर एक जुना 'इन्व्हेंतार' सापडला. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: पोर्तुगीज दिवाणी कायद्याप्रमाणे घरचा माणूस गेला की त्याच्या मालमत्तेची रीतसर यादी करून वारसांत वाटणी होत असे. त्या प्रक्रियेला इन्व्हेंतार म्हणतात आणि गोव्यात ती आजही चालते, फक्त तिचा कायदा आता गोवा विधानसभेने केलेला आहे. आमच्या यादीत जमीन, माड, पोफळी आणि दागिने यांची पाने भरली आहेत. घरातल्या जंगम वस्तू मात्र एका पानात संपल्या! तांब्याचे भाण, दोन हांडे, घागरी, कळशा, पितळेच्या समया, एक लाकडी पेटारा, बाक, दोन खाटा, भात मोजायची मापे, एक घड्याळ. चौदा-पंधरा माणसांच्या घराचा हा संसार. आज मी फोंड्याच्या फ्लॅटमध्ये चौघांसह राहतो. नुसत्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची यादी करायला बसलो तर ते पान पुरणार नाही.

कुणी म्हणेल, ती गरिबी होती. काही घरांत होतीच. पण आमचे घर काही उपाशी नव्हते. यादी तोकडी असण्याचे खरे कारण मला निराळे वाटते. घरातल्या बऱ्याचशा वस्तू मुळात टिकण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. जेवण केळीच्या पानावर किंवा पत्रावळीवर, ती संध्याकाळी गोठ्यात किंवा परसातल्या खड्ड्यात. स्वयंपाक मातीच्या मडक्यांत. फुटले की नवे. आमटी वाढायचा दवलो करटीचा. पावसाळ्यापूर्वी भिंतींना आणि पडवीला लावायच्या चुडती माडाच्या झावळ्यांच्या विणलेल्या, त्या पाऊस सरला की न्हाणीच्या चुलीत जात आणि भाणातले पाणी तापवत. फाटलेल्या लुगड्याची गोधडी होई, गोधडीची पायपुसणी. चुलीतली राख भांडी घासायला. म्हणजे घरात वस्तू येत होत्या भरपूर, पण त्यांची बाहेर पडायची वाटही येतानाच ठरलेली असे. आपला चवथीचा गणपतीदेखील याच रीतीचा. मातीचा येतो, दीड किंवा पाच दिवस राजासारखा राहतो, आणि मग पाण्यात जातो. त्याच्या डोक्यावर बांधलेली माटोळी रानातल्या फळाफुलांची. तीही उतरते आणि वाटली जाते. त्या फळांपैकी एकही पुढच्या वर्षासाठी कुणी कपाटात ठेवत नाही.

साठवण नव्हती असे मात्र नाही. उलट साठवणुकीला आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहे: पुरुमेंत. पोर्तुगीज 'प्रोविमेंतु'वरून आलेला. मे महिन्यात मडगावला होली स्पिरिट चर्चच्या परिसरात पुरुमेंताचे फेस्त भरते, तिथे मिरच्या, कांद्यांच्या माळा, चिंच, सुकी मासळी, मडकी, सुपे, सगळे मिळे. पावसाचे चार महिने नद्या फुगलेल्या, होड्या बंद, मासेमारी बंद. तेव्हा उकडे तांदूळ, मीठ, नारळ, सोले, फणसाच्या बिया, सुके गालमो आणि सुकी लाकडे घरात नसतील तर चूल पेटायची नाही. पण पुरुमेंताची एक गोष्ट लक्षात घ्या. ते मे महिन्यात भरायचे आणि चवथीपर्यंत संपवायचे. संपलेच पाहिजे असा त्याचा हिशेबच असे, कारण पुढच्या वर्षीचे येणारच आहे. साठवणुकीला शेवटची तारीख होती. आज आपण जे फडताळात कोंबतो त्याला शेवटची तारीख कुठली? 'कधीतरी उपयोगी पडेल' ही तारीख कुठल्याच पंचांगात नाही.

हे झाले रोजच्या संसाराचे. पण गोव्याच्या घरांनी आणखी एका प्रकारची आवराआवर पाहिली आहे, आणि ती कुणी हौसेने केलेली नव्हती.

सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देस आणि साष्टीतली देवळे पाडली गेली तेव्हा हजारो कुटुंबांपुढे एकच प्रश्न होता: नदी ओलांडायची तर बरोबर काय घ्यायचे? कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेरण्याची महालसा म्हार्दोळला. तेव्हा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा, पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. होडीत जागा किती? रात्र किती? शेत नेता येत नाही, विहीर नेता येत नाही, माड उपटून नेता येत नाही. लोकांनी देव उचलला. काही कुटुंबे तर फोंड्यातही थांबली नाहीत; कारवार, मंगळूर करत थेट कोचीपर्यंत गेली, आणि आजही त्यांतली अनेक घरे वर्षातून एकदा कुळदेवाला भेटायला इकडे येतात. सगळे सामान मागे राहिले, त्यातले काय काय होते हे आता कुणालाच सांगता येणार नाही. बरोबर नेलेल्या एका वस्तूने मात्र साडेचारशे वर्षे घराण्यांना पत्ता दिला.

मागे राहिलेल्यांची घरेही भरलेली राहिली नाहीत. इन्क्विझिशन गोव्यात १५६० साली आले. तिच्या १७३६च्या फर्मानाचा मजकूर वाचला की माझ्यातला कारकून चकित होतो, इतकी ती बारकाईने केलेली यादी आहे. नवख्रिस्ती घरांत लग्नाच्या ओव्या म्हणायच्या नाहीत, विडा-सुपारी वाटायची नाही, हिंदूंच्या रीतीने बिनमिठाचा भात शिजवायचा नाही, अंगणात तुळस लावायची नाही, धोतर-चोळी नेसायची नाही. घरातून काय काढावे याची एवढी तपशीलवार सूचना आपल्या इतिहासात दुसरी माझ्या वाचनात नाही! आणि तरीसुद्धा ख्रिस्ती घरांतले लग्नाआधीचे 'रोस' राहिलेच, लग्नातली गाणी राहिलीच. माणसाने खरोखर जपलेली गोष्ट काढून टाकायला फर्मान पुरत नाही.

पोथ्या मात्र कागदाच्या, त्या गेल्या. त्यांचे जे थोडे उरले त्याची कथा विलक्षण आहे. रामायण-महाभारतातल्या कथांची त्या काळची मराठी व कोकणी हस्तलिखिते आज पोर्तुगालमध्ये ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत, आणि ती आहेत रोमन लिपीत. इथली भाषा शिकण्यासाठी जेजुइट पाद्र्यांनी ती उतरवून घेतली होती. म्हणजे ज्यांच्या राजवटीत मूळ पोथ्या नष्ट झाल्या, त्यांच्याच वह्यांत त्यांची सावली उरली. घरातल्या प्रतीचा भरवसा नसतो, ती दुसरीकडेही कुठेतरी असावी, हा धडा यातून घ्यावा तेवढा थोडा.

इन्क्विझिशन १८१२ साली कायमची बंद झाली, तेव्हा तिच्या स्वतःच्या कागदांचा प्रश्न आला. खटल्यांच्या फायलींचे ढीग होते. ते ठेवले तर कुणाकुणाची नावे उघडी पडतील, म्हणून बहुतेक जाळून टाकले. अडीचशे वर्षांचा जुलूम एका होळीत 'निकाली काढण्यात आला'. कचेरीत हा शब्दप्रयोग मी रोज लिहितो, पण त्या होळीची आठवण झाली की लेखणी क्षणभर थबकते.

याच पोर्तुगिजांनी दुसरीकडे कागद जपलेही. १५९५ साली राजाच्या हुकुमाने दियोगु दु कोतु या बखरकाराकडे गोव्याचे दप्तरखाने उभारायचे काम आले. राज्याचा पत्रव्यवहार पावसाळी वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून चाले, म्हणून त्या पत्रांच्या बाडांना 'मोंसोंइश'ची, म्हणजे मोसमांची पुस्तके म्हणत. त्यांतली बासष्ट पुस्तके १७७७च्या सुमारास लिस्बनला हलवली, बाकीची इथेच राहिली. हीच पुस्तके पुढे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांच्या हाती आली. पिळर्णचा हा माणूस (१८९४–१९६९) वर्षानुवर्षे त्या दप्तरात बसला आणि शिवाजी महाराजांपासून पेशव्यांपर्यंतचे पोर्तुगीज-मराठे संबंध त्याने तिथल्या कागदांतून बाहेर काढले. त्या कागदांपैकी बरेचसे लिहिणाऱ्याच्या दृष्टीने किरकोळच असणार. अमुक वकील आला, तमुक भेट दिली, इतके तांदूळ उतरवले. कुणा उत्साही साहेबाने अठराव्या शतकात 'हा पसारा काय कामाचा?' म्हणून झाडलोट केली असती तर आपला निम्मा इतिहास वाळवीलाही न मिळता चुलीत गेला असता.

आता पुन्हा आपल्या माळ्याकडे येऊ. तो नेमका भरला कधी?

माझे मत असे, की गोव्याच्या घरात पसारा शिरला तो १९५५ नंतर. त्या वर्षी १५ ऑगस्टच्या सत्याग्रहात गोळीबार झाला आणि भारत सरकारने गोव्याच्या सीमा बंद केल्या. आधीच्या वर्षापासून निर्बंध होतेच, आता नाकेबंदी पूर्ण झाली. कोल्हापूर-बेळगावची भाजी थांबली. पोर्तुगिजांनी मग बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून आणले. खाणींचे लोखंड जपान-जर्मनीला जात होते, पैसा येत होता, जकात कमी होती. त्यामुळे नाकेबंदीत खायची टंचाई आणि चैनीची चंगळ असा अजब प्रकार झाला. जपानी कपबश्या, जर्मन घड्याळे, रेडिओ, सुगंधी साबण, टिनचे डबे. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला आणि मग हा परदेशी माल येणे थांबत गेले. जे घरात होते ते 'फॉरेनचे' झाले! पुन्हा मिळणार नाही म्हणून कुणी ते वापरेना. हॉलमध्ये काचेचे कपाट आले, त्याला शोकेस म्हणू लागले. आमच्या आजीचा जपानी टी-सेट त्या शोकेसमध्ये चाळीस वर्षे उभा होता. त्यातून कुणी चहा प्यायल्याचे मला आठवत नाही. पाहुणे कितीही मोठे असोत, चहा स्टीलच्या पेल्यातून!

पुढे स्टील आले, प्लॅस्टिक आले, आखातातून येणाऱ्यांच्या बॅगा आल्या. कल्हईवाला गावात यायचा बंद झाला तशी तांब्यापितळेची भांडी माळ्यावर चढली. मुले शिकून पणजीला, मुंबईला, परदेशी गेली आणि आपले सामान 'राहू दे तिथे' म्हणून मूळ घरात ठेवून गेली. सगळ्या कुटुंबाची अडगळ ठेवायची एक फुकटची वखार, असे आज गोव्यातल्या कित्येक मूळ घरांचे रूप झाले आहे. त्यात राहतात दोन म्हातारी माणसे, आणि त्यांना स्वतःची खाट हलवायला जागा नसते.

याच्या अगदी उलट टोकाचा संसार गोवेकरांनीच मुंबईत केलेला आहे. धोबी तलावाच्या आसपास गोव्याच्या गावोगावच्या लोकांनी चालवलेले 'कूड' आहेत. बोटीवर काम करणारे ख्रिस्ती तारवटी दोन सफरींच्या मध्ये तिथे उतरत. प्रत्येकाला मिळे ती एका ट्रंकेची जागा. दिवसा ट्रंक भिंतीशी, रात्री तिच्याशेजारी अंथरूण, समोर सायबिणीची मूर्ती. कपडे, कागदपत्रे, घरची पत्रे, एखादा फोटो, सगळे त्या ट्रंकेत. आयुष्यभर समुद्रावर राहिलेल्या माणसाला एका पेटीत काय ठेवावे हे कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

तर अशा पार्श्वभूमीवर आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी माळा रिकामा करायची वेळ आली. छपराचे वासे बदलायचे होते, सुतार जूनच्या आधी काम संपवतो म्हणाला होता. चुलत मिळून पाच घरे. भंगारवाल्याचा टेंपो दारात उभा, आणि पुण्याहून आलेला चुलत भाऊ एकेक वस्तू उचलून "उडय!" म्हणतोय, काकी खाली बसून प्रत्येक वस्तूला "दवर!" म्हणतेय. दुपारपर्यंत जमा एवढीच झाली, की 'उडय'च्या ढिगातून काकीने चार वस्तू परत आत नेल्या. शेवटी मी कचेरीची रीत काढली.

सरकारी फाईल बंद करताना तिच्यावर वर्ग लिहावा लागतो. 'अ' आणि 'ब' म्हणजे कायम जपायची, 'अ'ची तर वेगळी प्रतही काढून ठेवायची. 'क' म्हणजे अमुक वर्षांनी नष्ट करायची, आणि ते वर्ष तिथल्या तिथे घालायचे. यातली खुबी दुसऱ्या भागात आहे. वस्तू टाकायची की नाही हा वाद आज मिटवायचा नसतो, तिला तारीख द्यायची असते. काकीला 'टाकूया' म्हटले की ती अंगावर येई. 'दोन चवथी ठेवूया, तोवर कुणी मागितले नाही तर देऊन टाकूया' म्हटल्यावर कबूल झाली. खडूने खोक्यांवर वर्षे घातली. त्या दिवशी माळ्याचा पाऊण भाग खडूच्या आकड्यांखाली गेला. पुरुमेंताला जी शेवटची तारीख होती तीच ही, असे मी तिला सांगितले, ते तिला पटले.

आणखी एक: कपडे, भांडी, प्लॅस्टिक आधी हातावेगळे करावे आणि कागद शेवटी. दिवसभराच्या धुळीने कंटाळलेला माणूस संध्याकाळी कागदांची पिशवी न उघडताच टेंपोत टाकतो. म्हणून कागदांचा दिवसच वेगळा ठेवावा. आम्ही ठेवला. त्या एका दिवसात निघाले ते असे: वरचा इन्व्हेंतार, कुळांना दिलेल्या खंडाच्या पावत्यांची स्थळप्रत, आजोबांच्या आणि त्यांच्या बहिणींच्या जन्माची सेर्तिदांवे, दोन मोडी कागद, शाळेच्या वह्या, एस्कुदोची चार नाणी आणि विजेची असंख्य बिले. बिले गेली. नाणी मुलांनी वाटून घेतली. बाकीचे राहिले.

यांत काय अडले असते असे पुण्याच्या भावाने विचारले. त्याला मी सांगितले ते इथे लिहितो, कारण ते अनेकांच्या कामाचे आहे. १९६४च्या कूळ कायद्यात आणि १९७५च्या मुंडकार कायद्यात गरीब माणसाचे घर किंवा शेत त्याच्याकडे राहिले की गेले, हे पुष्कळदा जुन्या कागदावर ठरते. एक-चौदाच्या उताऱ्यात नाव लागायचे राहून गेले असेल तर एखादी खंडाची पावती डोंगराएवढी होते. म्हणून भाटकाराच्या घरातल्या पावत्या या एकट्या भाटकाराच्या नसतात. त्या आमच्या माळ्यावरून भंगारात गेल्या असत्या तर आम्हाला कळलेही नसते, पण कळले असते ते वाड्यावरच्या दुसऱ्याच कुणाला. ज्यांची नावे त्या पावत्यांवर होती त्यांच्या घरी आम्ही प्रती पोचवल्या. एका घरातल्या आजीने कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि डब्यात ठेवला. वाचता येत नव्हते, पण नवऱ्याच्या सहीचा आंगठा तिने ओळखला.

जन्माच्या दाखल्यांचे तर सांगायलाच नको. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, त्यामुळे आजोबांच्या सेर्तिदांवाची शोधाशोध करणारी पोरे कचेऱ्यांतून फिरताना दिसतात. घ्यावे की न घ्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण कागद हाताशी असण्यासारखे सुख नाही.

आणि खऱ्याखुऱ्या भांगराची गोष्ट राहिलीच. पणजीच्या बांकु नासियोनाल उल्त्रामारिनुमध्ये कित्येक गोवेकरांनी दागिने गहाण ठेवले होते. १९६१ साली मुक्तीच्या आधी ते सोने लिस्बनला हलवले गेले. दागिने परत आले १९९१मध्ये. तीस वर्षे! सोन्याच्या पाटल्या समुद्रापलीकडे, आणि त्या आपल्या आहेत हे सांगणारी पावती एखाद्या पेटाऱ्याच्या तळाशी, लग्नपत्रिकांच्या आणि औषधांच्या चिठ्ठ्यांच्या खाली. ज्या घरांत मधल्या काळात 'जुन्या कागदांची झाडलोट' झाली असेल, त्यांनी भंगार म्हणून काय टाकले होते ते त्या वर्षी उमगले असेल.

कागद ठेवायचे तर नीट ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नयेत, आपल्या हवेत आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. जुने लोक पोथ्या सुती कापडाच्या बासनात गुंडाळत. 'बासनात गुंडाळणे' हा वाक्प्रचार आपण एखादे काम बाजूला टाकण्यासाठी वापरतो, पण मुळात ती जपण्याची रीत आहे. धुतलेले सुती कापड, टिनची पेटी, भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीवरून उंच. डिसेंबर-जानेवारीत एकदा सावलीत पसरून वारा द्यावा, कसर आणि वाळवी पाहावी. मोबाईलवर फोटो काढून दोन-तीन घरांत ठेवावेत. ब्रागाची गोष्ट आठवते ना? मोडी किंवा जुनी पोर्तुगीज वाचता येत नसली तर टाकण्यापूर्वी पणजीच्या पुराभिलेख कार्यालयात किंवा जाणकाराला एकदा दाखवावे. पेटीवर आत काय आहे ते लिहून चिकटवावे, नाहीतर पुढच्या पिढीच्या हातात पुन्हा कुलूपच येते.

भांडीकुंडी, फर्निचर यांच्याबाबत मात्र मी इतका हळवा नाही. वापरणाऱ्याला द्यावे, आणि लवकर द्यावे. टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही हे मडगावच्या सोनसड्याने गोव्याला वर्षानुवर्षे दाखवले आहे. साळगावचा कचरा प्रकल्प २०१६ साली सुरू झाला म्हणून काही आपण निर्धास्त खरेदी करावी असे नाही. आजीचा टी-सेट आम्ही धाकट्या वहिनीला दिला. ती त्यातून रोज चहा पिते. दोन कप फुटले. काकीने हे ऐकून फक्त एकदा सुस्कारा सोडला.

कुर्डीच्या लोकांना यातले काहीच निवडायची सवड नव्हती असे नाही, सवड होती. पण जागा नव्हती. साळावली धरणासाठी सांगे तालुक्यातला हा गाव, मोगूबाई कुर्डीकरांचा गाव, १९८०च्या दशकात पाण्याखाली गेला. माणसे वाडे, वाल्किणीला नव्या प्लॉटवर आली. तिथले महादेवाचे प्राचीन देऊळ दगडादगडाने सोडवून दुसरीकडे उभारले गेले. घरे तशी हलवता येत नाहीत. मे महिन्यात पाणी ओसरले की लोक तिथे जातात. जोते उरलेले असते, तुळशीवृंदावनाचा दगड, विहिरीचे तोंड. मुलांना हाताने दाखवतात: इथे साल होती, इथे रांधपाची कूड, इथे आजो बसायचा. हलवताना काय काय टाकून आलो याची यादी त्या जोत्यावर उभे राहूनच त्यांना आठवते. तिथे एकदा मी एका गृहस्थांना विचारले, घरातून सगळ्यात शेवटी काय उचललेत? ते म्हणाले, दाराची कडी. दार नव्या घराला बसले नाही, कडी बसली.

आमचा माळा आता मोकळा आहे, वासे नवे आहेत. कागदांची पेटी फोंड्याला माझ्याकडे आहे, तिच्या याद्या पाचही घरांत दिल्या आहेत. खडूचे आकडे घातलेली सहा खोकी यंदाच्या चवथीला निघायची आहेत. राहता राहिले ते इन्व्हेंतारातले तांब्याचे भाण. पुण्याचा भाऊ म्हणतो, बाल्कनीत कुंडी म्हणून छान दिसेल. भंगारवाला वजनाने दर सांगून गेला, बराच सांगितला. काकीने त्याला भाणाला हातसुद्धा लावू दिला नाही. तिच्या मते न्हाणीची चूल अजून धड आहे आणि भाणाला कल्हई लागत नाही.